नव्या आवाजाचा कप्तान

माग बंद असण्याचा दिवस मला कानांनीच कळायचा. एरवी सकाळी डोळे उघडायच्या आत सोलापूरच्या साखर पेठेमागच्या आमच्या बोळात खडखडाट सुरू झालेला असे, आणि त्या आवाजात आम्ही सगळे इतके मुरलो होतो की घरात शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडूनच बोलायचो. आठवड्यातला एक दिवस मात्र आमच्या भागातल्या मागांची वीज बंद ठेवत. त्या दिवशी चिमण्यांचा आवाज यायचा, कुणाच्या तरी घरी डाळीला फोडणी दिल्याचा आवाज यायचा, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापताना तिच्या बांगड्या वाजतात हे मला त्या एकाच दिवशी कळायचं. लोक म्हणतात शांततेत झोप चांगली लागते. मला त्या दिवशी पहाटेच जाग यायची.

आमची एक खोली नरसम्मांच्या कारखान्याला लागून होती. कारखाना म्हणायचं, पण पत्र्याखाली सहा-सात माग, कोपऱ्यात सुताचे गठ्ठे आणि दाराशी ओटा, एवढंच होतं. नरसम्मांचा मुलगा मालक, पण त्याला कुणी मालक मानत नसे; मालक नरसम्माच. त्या तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. अप्पा त्यांच्या मागावर चादरी विणायचे. आम्ही बाया कांड्या भरायचो. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची लहान नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. माग बंद असले तरी दुसऱ्या दिवसाच्या कांड्या लागायच्याच, म्हणून त्या दिवशी हातचरख्यावर बसायचं. मी, शेवंता आणि रमजानबी अशा तिघी, आणि चौथ्या नरसम्मा स्वतः. शेवंता बार्शीकडची, तोंडाने फटकळ. रमजानबीचा नवरा टांगा चालवायचा आणि तिला जगातल्या सगळ्या गोष्टींत काहीतरी कट दिसायचा.

माग बंद असले की त्या दुपारनंतर 'नभोयान' लागायचं. टीव्ही मुंबई-पुण्याला आला म्हणून ऐकलं होतं, आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. आमचं यान रेडिओवरच उडायचं. नरसम्मांचा रेडिओ सेलवर चालायचा, त्याला त्यांनी चादरीच्याच कापडाचं झबलं शिवलं होतं. मी तिसरीत असताना ती मालिका सुरू झाली. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, चरखा आला, पण यान चालूच राहिलं. 'गरुड' नावाचं यान, त्यात कॅप्टन दिनकर, वसुधा नावाची एक शिकलेली बाई, आणि टिंगू नावाचा पत्र्याचा माणूस. दर आठवड्याला ते एका नव्या ग्रहावर उतरायचे. कुठे दगड बोलायचे, कुठे माणसांना सावल्या नसायच्या. यान उडताना जो आवाज यायचा तो आमच्या मागाची मोटर सुरू होतानाच्या आवाजासारखा होता, त्यामुळे नरसम्मांचं ठाम मत होतं की रेडिओवाल्यांनी तो आवाज सोलापुरातूनच नेला. कप्तानाचा आवाज मात्र कुठूनही आणता येणार नाही असा होता. घागरीतून यावा तसा, खोल. तो "दिशा बदला!" म्हणाला की शेवंता चरख्याची दांडी उलटी फिरवायची, आणि मग गुंता सोडवत बसायची.

ही मालिका मला खरी ऐकायला शिकवली ती अक्कानं. गौराक्का, घरच्या मोठ्यांची गौरवा, माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी लाजाळू होते, म्हणजे किती, तर दुकानदारानं काय पाहिजे विचारलं तर मी बोटानं दाखवायची. अक्का माझ्या वाटचंही बोलायची. काशीला भूक लागली, काशीला हा रंग नको, काशी उद्या येणार नाही, सगळं अक्काच्या तोंडून. मला काय वाटतं हे तिला माझ्याआधी कळायचं. यान संपलं की पुढच्या ग्रहावर काय होणार हे ती सगळ्यांना सांगायची, आणि ते कधीच तसं व्हायचं नाही, तरी लोकांना तिचंच जास्त आवडायचं. अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात तिला दिली. दाजींचं नाव मल्लिनाथ, शेती थोडी, स्वभाव गरीब. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ राहिलं, अक्का राहिली नाही. याहून जास्त मी इथे लिहीत नाही. मुलगी झाली होती, तिचं नाव उमा ठेवलं. ती आमच्याकडेच राहिली, आणि अव्वाच्या हातून तिचं काही होईना म्हणून तिला वाटी-चमच्यानं दूध पाजणं, न्हाऊ घालणं, झोपवणं माझ्याकडे आलं. मी तेव्हा पंधरा-सोळाची असेन. चरखा फिरवताना ती माझ्या मांडीवर असायची. चरख्याच्या घरघरीत ती झोपायची आणि चरखा थांबला की रडायची. मागवाल्यांचंच पोर.

अक्का गेल्यावर काही महिन्यांनी कप्तानाचा आवाज बदलला.

कुणी काही सांगितलं नाही. नेहमीचं संगीत झालं, मोटर घुरघुरली, टिंगूचा पत्रा वाजला, वसुधा म्हणाली, "कॅप्टन, समोर धुकं आहे." आणि एक पातळ, तरुण आवाज म्हणाला, "थांबा. जरा विचार करू."

नरसम्मांचा चरखा थांबला. "हे कोन?"

"कप्तान की," शेवंता म्हणाली. "सर्दी झाली असंल."

"सर्दी में आवाज मोटा होता, पतला नै होता," रमजानबी म्हणाली. "ये दूसरा आदमी है. वो काले ग्रह पे उतरे थे ना पिछले हप्ते? वहीं बदला. असली को बांधके रखे और ये आके बैठा."

हे सगळ्यांना पटलं. आता हा तोतया कधी पकडला जातो याची आम्ही वाट पाहू लागलो. पुढच्या आठवड्यात पकडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वसुधा त्याला "कॅप्टन दिनकर" म्हणत राहिली, टिंगू त्याला सलाम करत राहिला. शेवंतेला वसुधाचाच राग आला. "डोळं फुटलं का हिचं? रोज मांडीला मांडी लावून बसती आन् माणूस वळखंना!" रमजानबी म्हणाली, वसुधाही त्यांना मिळालेली आहे. शेवंता म्हणाली, वसुधावर आळ घ्यायचा नाही, ती आपली मराठी बाई. बघता बघता त्यावरून दोघींत बोलाचाली झाली, मग एकमेकींच्या सासरपर्यंत गेली, आणि दोघी चरखे तोंडं फिरवून लावू लागल्या. शेवटी नरसम्मा म्हणाल्या, "बास्. माजा सेल जळतो आनि तुमी भांडता. आजपासून रेडिओ बंद. अय्यो, कटकट नको."

त्या खरंच उठल्या. हात बटणाकडे गेला. आणि मी बोलले.

मला आजही सांगता येत नाही की ते धाडस कुठून आलं. एवढं माहीत आहे की आठवड्यातला तो अर्धा तासच असा होता की अक्का तिच्या जुन्या जागी, खांबाला टेकून बसली आहे असं मला वाटायचं. तो मला सोडायचा नव्हता.

"नरसम्मा, बंद करू नगा," मी म्हणाले. "मटातलं मोटं स्वामी गेलं, तवा काय झालं?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. आता मागे फिरता येत नव्हतं.

"नवं स्वामी आलं. नाव तेच ठिवलं. आवाज तसा हाय का? लई बारीक हाय. पर लोकं पाया पडत्यात की. कुनी म्हनत न्हाय, तोतया आला. माणूस जातो, गादी ऱ्हाती. कप्तानाचं बी तसंच झालं असंल. जुना गेला. हा गादीवर बसला. वसुधाला म्हाईत हाय, म्हनून ती काय बोलत न्हाय."

रेडिओतून नवा कप्तान कुणाला तरी म्हणत होता, "तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?" जुना कप्तान कुणाला कधी विचारायचा नाही.

"एमे!" नरसम्मा म्हणाल्या. "ह्या पोरीला तोंड हाय की!"

रमजानबीनं मान हलवली. "पीर की गद्दी का बी ऐसाच होता," ती म्हणाली, आणि चरखा पुन्हा शेवंतेकडे वळवला. भांडण मिटलं. त्या वर्षी, मी पुढे ऐकलं, 'नभोयान' पुष्कळ लोकांनी ऐकायचं सोडलं होतं. गावोगाव म्हणे लोक चिडले, मालिका बंदच पडायची. आमच्या पत्र्याखाली मात्र ती त्या दिवसापासून पहिल्यापेक्षा जास्त मनावर घेतली गेली. शेवंतेला तर नवाच आवडू लागला. "ह्यो इचारून करतो. आमच्या घरचा न्हाय कदी इचारत," ती म्हणायची. मालिका त्यानंतर कित्येक वर्षं चालली, माझ्या मागाहून ऐकू लागलेल्यांना तर पहिला कप्तान ठाऊकच नाही. आता माझ्या नाती मोबाइलवर परदेशी मालिका बघतात, त्यात नायक दोन-तीनदा बदललेला असतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला ते वर्ष आठवतं, कारण आम्हाला ते समजून घ्यावं लागलं होतं.

माझं बोलणं बोळभर झालं. पाण्याच्या नळावर बाया म्हणायच्या, "ती मुकी काशी काय बोलली ऐकलं का?" अप्पांनी मला जवळ बसवून पुन्हा सांगायला लावलं. आमच्या घरी सोमवारी मठातले अय्या यायचे. वयस्कर, उंच, बोलायला मऊ, आणि आमच्या जातीतल्या लग्नकार्यांत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. त्यांच्याही कानावर ते गेलं. "रेडिओवर मठ बघितलास होय गं?" म्हणून ते मनापासून हसले. मला फार बरं वाटलं. अक्का गेल्यापासून माझ्या वाटचं बोलणारं कुणी नव्हतं, आणि आता मला कळलं की मी बोलू शकते.

त्यानंतर दोन-तीन सोमवारांनी अव्वानं हुग्गी केली. गहू कुटून, गूळ घालून, वेलदोडा, वर तूप. हुग्गी आमच्याकडे सणालाच व्हायची, त्यामुळे मी विचारलं, आज काय आहे? अव्वानं तुपाचं भांडं पुढे ओढलं. अय्या जेवायला बसले. अप्पा समोर बसले होते, आणि सारखे आपल्या हातांकडे बघत होते. जेवण झाल्यावर अय्यांनी विषय काढला. दाजींच्या घरून निरोप होता. पोर लहान, दाजी तरुण, घरात बाईमाणूस म्हणजे एक म्हातारी आई. दुसरी करायचीच, तर परकी कशाला? पोरीला मावशीच बरी.

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे असं व्हायचं, बोळात दोन घरांत झालेलं होतं. पण अय्या पुढे म्हणाले, "नाव बदलायचंच असतंय लग्नात. मग गौरवाच ठेवू. पहिलीचा जीव घुटमळायचा न्हाय, पोरगीला बी आई तीच, घराला बी सून तीच." आणि माझ्याकडे वळून, कौतुकानं, "तूच सांगितलंस की बाळ. माणूस जातो, गादी ऱ्हाती."

मी उमाला पोटाशी घेऊन भिंतीशी उभी होते. माझंच वाक्य होतं, त्याला काय उत्तर द्यायचं?

अय्या गेल्यावर मी अव्वाकडे गेले. तिच्यावर रागवायचं असं ठरवलं होतं. ती चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काशी, मला लई दिस झालं गं, गौरवा म्हनून हाक मारून. तोंडात येती आन् गिळते. तू झालीस तर मला परत हाक मारता येईल." मग माझा राग राहिला नाही, आणि ते जास्तच अवघड झालं.

त्या संध्याकाळपासून अव्वानं सवय करायला सुरुवात केली. "गौरवा, तांब्या आण." "गौरवा, पोरगी रडतीया." पहिल्या हाकेला मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी उठले. तिसऱ्या दिवशी हाक आली आणि मी विचार न करता "आले" म्हणाले. तेव्हा मात्र मी घाबरले. मला वाटलं, हे लग्न व्हायच्या आधीच होऊन जाणार. दाजींची मला भीती नव्हती, त्यांनी कधी वाकडं पाहिलं नव्हतं. उमाला तर मी सोडणारच नव्हते. पण काशी कुठे जाईल, आणि अक्का कुठे जाईल? त्या नावात आम्ही दोघी मावणार नव्हतो.

मग माग बंद असण्याचा दिवस आला. आता आमची एक खोड सांगते. नरसम्मा सेल फार जपायच्या. कप्तान शेवटचं वाक्य बोलला, संगीत सुरू झालं, की त्यांचा हात बटणावर जायचाच. इतक्या वर्षांत त्या शेवटच्या संगीतापलीकडे काय असतं हे आमच्यापैकी कुणी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र गोष्ट संपत आली तेव्हाच मागच्या दाराशी भाजीवाली आली, आणि नरसम्मा अंबाडीच्या जुडीवरून तिच्याशी भांडायला गेल्या. संगीत संपलं. रेडिओ चालूच. आणि एक बाई शांतपणे नावं वाचू लागली. कॅप्टन दिनकर, आणि पुढे एक साधं, आपल्याकडचंच नाव. वसुधा, आणि पुढे दुसऱ्याच कुणा बाईचं नाव. टिंगूच्या पुढेसुद्धा एक माणूस होता.

"मतलब?" रमजानबी म्हणाली. "कप्तान का नाम कप्तान नै?"

"नाटकावानी असतंय ते," शेवंता म्हणाली. "मला वाटलंच व्हतं." तिला वाटलं नव्हतं.

नरसम्मांनी येऊन खट्कन बटण बंद केलं. माझा चरखा थांबला होता आणि उमा रडू लागली होती. म्हणजे जुन्या कप्तानाचंही एक नाव होतं. इतकी वर्षं, दर आठवड्याला, ते नाव कुणीतरी वाचून दाखवत होतं, आणि आम्ही सेल वाचवत होतो. आणि नवा माणूस आला तेव्हा त्याचंही नाव वाचलं गेलं असणार. तो कुणाच्या नावाखाली लपला नव्हता. काम तेच घेतलं होतं, नाव स्वतःचं ठेवलं होतं. मला हे कळलं आणि इतकं हलकं वाटलं की मी उमाला वर उचलून धरलं. ती रडायची थांबली.

पुढच्या सुट्टीलाच दाजी यायचे होते, बोलणी पक्की करायला. अय्याही आले. आमच्या खोलीत इतकी माणसं मावेनात म्हणून कारखान्याच्या ओट्यावर चादर अंथरली. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, वर दही, अशी जेवणं झाली. दाजी वाळले होते. त्यांनी उमाला घेतलं, पण धरता येईना. त्यांनी ती अशी धरली होती की जणू कुणाची वस्तू सांभाळायला दिली आहे. यानाची वेळ झाली. नरसम्मा म्हणाल्या, "लग्नाचं नंतर बोला, आदी हे ऐका." पाहुण्यांसाठी त्या मालिका चुकवणाऱ्यांतल्या नव्हत्या. अय्याही ऐकत बसले. नवा कप्तान त्या दिवशी एका ग्रहावर अडकला होता आणि घाबरलो आहे असं सरळ सांगत होता. शेवंतेनं सुस्कारा सोडला.

गोष्ट संपली. संगीत सुरू झालं. नरसम्मांचा हात निघाला.

"बंद करू नगा," मी म्हणाले. "नरसम्मा, एवडं ऐकू द्या. अय्यांना ऐकू द्या."

नावं वाचली गेली. कॅप्टन दिनकर, आणि ते साधं नाव. मग बाकीची. मी उठून स्वतःच बटण बंद केलं.

"अय्या," मी म्हणाले, "मी सांगितलं ते निम्मंच व्हतं. मला तवा पुढलं म्हाईत नव्हतं. मटात नाव गादीचं असतंय. हितं बघा, कप्तानाचं काम केलं म्हनून त्या माणसानं आपलं नाव टाकलं न्हाय. दर हप्त्याला सांगत्यात, आमीच ऐकत नव्हतो. उमाचं समदं मी करते. आजबी करते, पुढंबी करीन. पर मी काशी हाय. मी गौराक्का झाले, तर हिला मावशी कोन? ती गादी रिकामी पडंल की."

अप्पांनी पहिल्यांदाच हातांवरून नजर वर केली. शेवंतेनं तोंडात पदराचा बोळा धरला होता.

"आन् लगीन?" अय्या म्हणाले.

मी दाजींकडे बघितलं. खरं तर तोपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांकडे कधी सरळ बघितलंच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली होती.

"अय्या, मला जमायचं न्हाय," ते म्हणाले. "आई म्हनाली म्हनून आलो. काशीला त्या नावानं घरात फिरताना बघायचं... मला ती एकच व्हती."

"मग नाव राहू द्या, काशीच राहू द्या," नरसम्मा मध्येच म्हणाल्या. "लगीन तेवडं करा."

"ह्या पोरीला मी भन म्हनून बघितलीया," दाजी म्हणाले. "गौरवाची धाकटी. माझीबी धाकटीच."

सगळे अय्यांकडे बघू लागले. मला वाटलं, आता ते रागावणार. मी त्यांचंच बोलणं, म्हणजे माझंच बोलणं, चारचौघांत उलटवलं होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "मला मटाला दिलं तवा मी उमाएवडा नव्हतो, पर लहानच. गुरूंचं नाव मला लावलं. चांगलं नाव हाय. पर माझं आधीचं नाव घेऊन हाक मारनारी माझी एक आत्या व्हती. ती गेल्यापासून त्या नावानं कुनी हाक मारली न्हाय." ते हसले, पण आवाज नेहमीसारखा नव्हता. "काशी बरोबर बोलती. हिचं नाव हिच्यापाशी राहू द्या. पोरगी हितंच वाढू द्या. मल्लिनाथ, तुजं बघू."

रमजानबीनं विचारलं, "आप का नाम क्या था जी, पहले का?" अय्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पण रमजानबीनं ते मोठ्यानं एकदा म्हणून बघितलं, आणि अय्या ओट्यावर बसल्या बसल्या "ओ" म्हणाले.

अव्वा या सगळ्यात दाराआड उभी होती. रात्रीचं जेवण तिनं मला वाढलं, पण हाक मारली नाही. गौरवाही नाही, काशीही नाही. पुष्कळ दिवस ती "ए" एवढंच म्हणायची. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी मागे हटले नाही. तिची एक मुलगी गेली होती आणि दुसरीनं ती परत द्यायला नकार दिला होता. तिला तसंच वाटत असणार. आज मीही आजी आहे, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. मात्र त्या वेळी मी जे केलं ते पुन्हा करावं लागलं तर पुन्हा तेच करीन.

दाजींनी पुढच्या वर्षी लग्न केलं. शांताबाई म्हणून, माणूस चांगली. शांताबाई ही शांताबाईच राहिली, आणि दिवाळीला उमाला खाऊ घेऊन यायची. माझं लग्नही पुढे झालं, ते वेगळं सांगण्यासारखं आहे. उमा माझ्याच हाताखाली मोठी झाली. बोलायला लागली ती अशी की बोळात कुणाला दुपारची झोप मिळेना. ती चार-साडेचार वर्षांची असताना कारखान्यात एक नवी बाई कांड्या भरायला आली, जेऊरकडची. चरख्यावर बसता बसता तिनं उमाला विचारलं, "ही तुजी आई का गं?"

उमा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "न्हाय," ती म्हणाली. "ही काशीमावशी. माजी आई गौरवा."

त्या नव्या बाईला कळेना. तिनं अव्वाकडे बघितलं. अव्वाही हल्ली कांड्या भरायला यायची, ती माझ्या शेजारच्याच चरख्यावर बसली होती. तिचा हात थांबला नाही, सूत सरळ गुंडाळलं जात राहिलं.

"व्हय," अव्वा म्हणाली, "गौरवा. माजी थोरली. लई बोलायची ती. बस, सांगते तुला."